पाण्याचा डाग की किडीची सुरुवात? एक प्रकरण

आजी आल्या होत्या कवळीसाठी. खालची कवळी हिरडीला टोचत होती, ती मी घासून देत होते. दोन वर्षं सात महिन्यांची नात त्यांच्या मांडीवर बसून माझ्या हातातल्या मशीनकडे टक लावून बघत होती. मग तिने मोठी जांभई दिली. वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ दिसली.

"आजी, हिच्या दातांवर हे कधीपासून आहे?"

"पान्याचे डाग हाये ते," आजी म्हणाल्या. "तुम्हीच तं सांगतलं होतं."

खरं होतं. सात-आठ महिन्यांपूर्वी मुलीच्या आईने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता. दवाखान्यात गर्दी होती. फोटो अंधुक होता, लाळेने चमकणारे दात आणि त्यांवर काहीतरी पांढरं, एवढंच कळत होतं. मी दोन ओळी टाइप केल्या: पाण्याचे असतील, पुढच्या वेळी याल तेव्हा दाखवा. पुढची वेळ आली ती आजींची कवळी टोचली म्हणून. या प्रकरणाची पहिली चूक माझी आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

मला तसं का वाटलं

माझा दवाखाना यवतमाळ जिल्ह्यात आहे. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, वणी या पट्ट्यातल्या अनेक गावांत बोअरवेलच्या आणि हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त येतं. ते जमिनीखालच्या खडकातून पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. त्याच्या वर गेलं आणि मूल लहानपणापासून तेच पाणी पीत वाढलं, की हिरडीच्या आत घडत असलेल्या कायमच्या दातांवर त्याची खूण उमटते. पांढरे पट्टे, पिवळे-तपकिरी चट्टे, कधी खड्डे. इकडे त्याला सरळ 'पाण्याचे दात' म्हणतात. मुलीच्या आईचेही तसेच आहेत. ती हसताना पदर किंवा हात तोंडावर नेते. सवय इतकी जुनी की आता तिच्या ते ध्यानातही येत नसावं.

दिवसातून दोन-चार तरी असे दात बघणाऱ्या माणसाची नजर आळशी होते. पांढरं दिसलं की पाणी. त्यातून आईचे दात तसे, म्हणजे मुलीचेही तसेच, हा हिशेब आजींनी केला आणि मीही केला.

हिशेब चुकतो कुठे, ते बघा. वरच्या पुढच्या दुधाच्या दातांचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, बहुतेक सगळं बाळ पोटात असतानाच तयार होतं आणि जन्मानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत पुरं होतं. बोअरवेलचं पाणी बाळाच्या पोटात थेट जायला लागतं त्याच्या आत हे काम जवळपास आटोपलेलं असतं. म्हणून फ्लोराइडच्या गावातही दुधाच्या पुढच्या दातांवर ठळक पट्टे क्वचित दिसतात. दिसलेच तर मागच्या दाढांवर जास्त. पुढच्या दुधाच्या दातांवर, हिरडीलगत, पांढरी रेघ म्हणजे आधी किडीचा संशय घ्यायचा. हे मी कॉलेजात शिकले होते, पण फोटोला उत्तर देताना आठवलं नाही.

ओठ उचलल्यावर

कवळी बाजूला ठेवली. आजी आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसलो. मुलीचे पाय आजींच्या कमरेला, डोकं माझ्या मांडीवर. एवढ्या लहान मुलाला खुर्चीवर एकटं झोपवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण त्याला वर आजीचा चेहरा दिसत राहतो. रडली थोडी. रडताना तोंड उघडतं, तेवढंच माझं काम सोपं.

आधी ओल्या कापसाने दातांवरचा चिकट पांढुरका थर पुसला. मग दात कोरडे केले आणि पाच-सात सेकंद नुसतं बघितलं. हे कोरडं करणं सगळ्यांत महत्त्वाचं. किडीच्या सुरुवातीला इनॅमलला भोक पडत नाही. वरचा पातळ पापुद्रा शाबूत राहतो आणि त्याच्या खालून खनिज निघून जातं, बारीक छिद्रं उरतात. छिद्रांत लाळ भरलेली असते तोवर प्रकाश बऱ्यापैकी सरळ पार जातो. लाळेच्या जागी हवा भरली की तो विखुरतो आणि डाग पांढराफटक दिसतो. फक्त वाळवल्यावर दिसणारा डाग उथळ. ओल्या दातावरही दिसणारा डाग खोल गेलेला. मुलीचा मला जांभईत, ओल्या तोंडात दिसला होता.

मधल्या दोन्ही दातांवर हिरडीच्या कमानीबरोबर वळलेला पांढरा पट्टा होता. चमक नाही, खडूसारखा मंद. वरच्या डाव्या बाजूच्या छोट्या दातावर तोच पट्टा पिवळसर-तपकिरी झाला होता आणि एका टोकाला मोहरीच्या दाण्याएवढा भाग खचला होता. उजव्या मधल्या दाताच्या मागच्या, टाळूकडच्या बाजूलाही पांढुरकेपणा होता. पहिल्या दाढांच्या खाचांत अन्न साचलेलं, पण भोक नाही. खालचे पुढचे सगळे दात लखलखीत.

हे 'खालचे लखलखीत' फार बोलकं असतं. बाटली तोंडात घेऊन झोपलेल्या मुलाची जीभ खालच्या दातांवर असते आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ त्यांना धूत राहते. दूध साचतं ते वरच्या दातांशी. त्या एका नजरेत घरातली रात्र कळते.

पाण्याच्या डागाशी ताडून बघितलं तर फरक असा. पाण्याचे पट्टे दातावर आडवे, पार टोकापर्यंत कुठेही असतात. डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे असतात, कारण दोन्ही दात एकाच काळात घडलेले. त्यांच्या कडा आजूबाजूच्या दातात विरून जातात आणि पृष्ठभाग बहुधा चकचकीत असतो. किडीची रेघ मात्र जिथे थर साचतो तिथेच, हिरडीच्या वळणाने जाते, आणि मंद, खरखरीत असते. खरखरीतपणा बघायला मी गोल टोकाचा प्रोब, म्हणजे दात चाचपायची बारीक सळई, अलगद फिरवला, टोकदार नाही. आमच्या शिक्षणात टोकदार हत्यार दातात रुतवून 'अडकतंय का' बघायची पद्धत होती. तो शाबूत असलेला पापुद्रा त्याने फुटतो. परत जुळू शकणाऱ्या दाताला आपल्याच हाताने भोक पाडायचं, दुसरं काय.

मुलीला दुखत नव्हतं. हिरडी सुजलेली नव्हती. घरात कोणी काळजी करावी असं काहीच नव्हतं. लोक वाट बघतात ती काळ्या रंगाची आणि ठणक्याची. ठणका लागतो तेव्हा कीड नसेच्या जवळ पोचलेली असते. दुधाच्या दाताचं इनॅमल कायमच्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं, त्यामुळे पांढऱ्यापासून भोकापर्यंतचा रस्ता काही महिन्यांचाच असू शकतो. डाव्या छोट्या दातावर तो रस्ता संपला होता. माझ्या दोन ओळींच्या उत्तरानंतरच्या सात-आठ महिन्यांत संपला असणार, असं मला वाटतं.

रात्र

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. फेब्रुवारी होता, कापसाची वेचणी संपत आली होती. हंगामात ती पहाटे वावरात जायची आणि मुलगी आजींजवळ झोपायची. म्हणजे रात्रीची बाटली आजींच्या हातात.

"बाटली नाई देल्ली तं अख्ख्या घराले उठवते," आजी म्हणाल्या. बाटलीत काय? गाईचं दूध, अर्धं पाणी, दोन चमचे साखर. रात्री तीनदा. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, दहा वाजता पुन्हा बिस्कीट, दुपारी बाटली घेऊन झोप, चारला दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट, संध्याकाळी चहा. आईने बोटांवर मोजलं, दिवसरात्रीत आठ वेळा. साखर एकूण फार नव्हती. तिच्या वयाच्या शहरातल्या मुलांच्या पोटात याहून जास्त जात असेल.

पण दाताला एकूण किती गोड मिळालं यापेक्षा किती वेळा मिळालं हे जास्त लागतं. गोड तोंडात गेलं की थरातले जिवाणू काही मिनिटांत आम्ल करतात. सामू, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा, ५.५ च्या आसपास खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू आम्ल मारते आणि कॅल्शियम, फॉस्फेट परत दातात भरते. त्याला अर्धा-पाऊण तास, कधी तासही लागतो. दाताचं आयुष्य हीच देवाणघेवाण. आठ वेळा आम्ल म्हणजे परतफेडीला दिवसात फट सापडत नाही, आणि रात्री तर लाळच आटते. स्वीडनमधल्या व्हिपेहोम इथल्या संस्थेत १९४५ नंतरच्या वर्षांत हेच तपासलं गेलं. जेवणासोबतच्या साखरेपेक्षा अधूनमधून खाल्लेल्या चिकट टॉफीने कितीतरी जास्त दात किडले. तिथे राहणाऱ्या मतिमंद माणसांना न विचारता तो प्रयोग झाला, म्हणून तो आज वैद्यकीय नीतीच्या वर्गातही शिकवतात. आमच्या शास्त्राला हे ज्ञान असं मिळालेलं आहे, हे विसरू नये असं मला वाटतं.

आजींचा मुख्य मुद्दा राहिला होता. "दुधाचे दात तं पडनारच हाये. मंग कायले त्रास पोरीले?"

पुढचे दात पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत, मी म्हणाले. आणि दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात. पुढून सुरू झालेली कीड दाढांत जाते, मग पोर जेवत नाही आणि रात्री रडते, बाटली न देताच. आजी गप्प बसल्या. पटलं म्हणून की माझ्याशी वाद नको म्हणून, त्या दिवशी कळलं नाही.

बाटली बंद करा असं मी सांगितलं नाही. ते सांगणं सोपं असतं आणि तिसऱ्या रात्री मोडतं. ठरलं असं: पहिले चार दिवस साखर दोन चमच्यांऐवजी एक, मग अर्धा, मग शून्य. नंतर रात्रीच्या बाटलीत दर दोन-तीन दिवसांनी दूध कमी, पाणी जास्त, शेवटी नुसतं पाणी. दिवसाचं दूध पेल्यातून. बिस्कीट जेवणाला जोडून, मधल्या वेळी फुटाणे, शेंगदाण्याचा कूट घातलेली पोळी, केळं. सतरा-अठरा दिवस लागले. दोन रात्री शेजारी उठून आले, असं आईने नंतर सांगितलं.

दात घासणं हा वेगळाच विषय निघाला. आजी स्वतः लाल मंजन लावतात आणि नातीच्या दातांवरही तेच बोटाने फिरवत होत्या. त्यात फ्लोराइड नाही, आणि ते खरखरीत. मी १००० पीपीएम (दहा लाख भागांत एक हजार भाग) फ्लोराइडची साधी टूथपेस्ट सांगितली, तांदळाच्या दाण्याएवढी, सकाळी आणि झोपताना, मोठ्या माणसाच्या हाताने. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती या वयासाठी नाही.

"आधीच फ्लोराइड जास्त, अन् तुम्ही आनखी देता?"

हा प्रश्न आईचा. तिच्या तोंडून तो येणारच होता. ज्या गोष्टीने तिचे दात गेले तीच मी तिच्या मुलीला लावायला सांगत होते.

मी कागदावर हिशेब मांडला. तांदळाएवढी पेस्ट म्हणजे साधारण एक दशांश ग्रॅम. तीत फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅम, दोनदा मिळून ०.२, तेही सगळी गिळली तर. त्यांच्या बोअरवेलचं पाणी तोवर कोणी तपासलंच नव्हतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना दिला. आकडा आला लिटरला २.४ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर पाणी बारा दिवसांच्या पेस्टइतकं. आणि ते पाणी बाटलीतल्या दुधातही अर्धं होतं.

दुसरं म्हणजे, पोटातून गेलेलं फ्लोराइड घडत्या दाताला बिघडवतं. बाहेरून दाताला लागलेलं फ्लोराइड त्याच दाताच्या पृष्ठभागावर खनिज परत बसायला मदत करतं, आणि बसलेलं खनिज आम्लाला आधीपेक्षा चिवट असतं. वस्तू एक, वाटा दोन. पाण्यात इतकं फ्लोराइड असूनही मुलीचे दात किडलेच होते, हेही आईला दिसत होतं. रात्रभर तोंडात साखर राहिली तर कुठलंच पाणी दाताला वाचवत नाही.

फ्लोराइडचा व्हार्निश, म्हणजे दाताला चिकटून राहणारा लेप, दातांवर लावला. त्यातलं प्रमाण मोठं असतं, २२,६०० पीपीएम. लहान मुलासाठीचा पाव मिलिलिटरचा डोस पूर्ण गिळला तरी साडेपाच-पावणेसहा मिलिग्रॅम होतो. त्यांच्या घरच्या अडीच लिटरहून कमी पाण्याएवढा, आणि तोही तीन महिन्यांतून एकदा. हे ऐकल्यावर आईने पेस्टचा विषय सोडला आणि पाण्याचा धरला. तो खरंच जास्त मोठा होता. मुलीच्या कायमच्या पुढच्या दातांचं इनॅमल याच वयात हिरडीच्या आत घडतंय. तिच्या आईसारखे दात होणार की नाही, हे बरंचसं पहिल्या तीन-चार वर्षांत ठरतं.

घरात पाणी उकळून प्यायचा बेत होता. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते उलट वाढतं. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवायची नालगोंडा पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली, पण प्रमाण मोजून रोज घरी करणं या कुटुंबाला जमणारं नव्हतं. गावात आरओचं पाणी कॅनने मिळतं. पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं ते घ्यायचं ठरलं. महिन्याचा खर्च वाढला. वडिलांनी पहिल्यांदा कुरकुर केली, मग स्वतःच गाडीवर कॅन आणायला लागले.

पुढचे अकरा महिने

खचलेल्या छोट्या दातासाठी दोन वाटा होत्या. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं की चांदी जिवाणू मारते आणि किडलेला भाग कडक होतो. सुई नाही, मशीन नाही, मिनिटभराचं काम. पण तो भाग कायमचा काळा होतो, आणि हा पुढचा दात. दुसरी वाट म्हणजे मऊ भाग हाताच्या हत्याराने काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. आईने दुसरी निवडली. का, ते विचारायची गरज नव्हती.

सिमेंट जूनमध्ये निघालं. दात छोटा, पकड कमी, आणि मुलगी मांडीवर वळवळत असताना ते मला नीट कोरडं ठेवता आलं नव्हतं. परत भरायला तोंड उघडेना. तेव्हा सिल्व्हरच लावलं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा एकदा. दात काळा झाला. आई नाराज झाली आणि ते मला दिसलं. मुलीला मात्र तो फार आवडला, आल्यागेल्याला ओठ वर करून दाखवते.

व्हार्निश फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असा चारदा झाला. ऑगस्टमध्ये मला पहिल्यांदा बरं वाटलं. मधल्या दातांवरची पांढरी रेघ हिरडीपासून सुटली होती, मध्ये केसाएवढी स्वच्छ पट्टी दिसत होती. हिरडीलगत नवा थर साचणं थांबलं की असं होतं: जुनी खूण जागेवर राहते, पण कीड तिच्यापुढे सरकत नाही. प्रोब फिरवला तर खरखर गेलेली, आणि मंदपणाच्या जागी थोडी चकाकी. डाग पूर्ण जाईल असं मी कधीच म्हटलं नव्हतं. थांबलेला डाग पांढरा राहू शकतो, तपकिरीही होऊ शकतो. चमक आणि गुळगुळीतपणा आला की मी समाधानी असते.

मधे दिवाळीत गाडी घसरली. मामाकडे दहा दिवस, चकल्या ठीक, पण चॉकलेटांचा डबा उशाशी. नोव्हेंबरात थर पुन्हा दिसला, हिरडी लाल. आजींनीच सांगून टाकलं, मी विचारायच्या आत. वर म्हणाल्या, "म्या रोज पाहतो ओठ उचलून. तिकडे कोन पाहनार?" तेव्हा मला त्यांच्या पहिल्या दिवसाच्या गप्प बसण्याचं उत्तर मिळालं.

फोटोला मी आता निदान लिहून पाठवत नाही. फोनमध्ये एक मजकूर ठेवला आहे: मुलाला खिडकीजवळ मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ पूर्ण उचला, स्वच्छ कोरड्या कापडाने दात पुसा, हिरडीलगत खडूसारखी रेघ दिसते का बघा, आणि दिसो न दिसो, घेऊन या. पहिला दात आल्यापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा आणा, असंही त्यात लिहिलं आहे. बहुतेक जण येत नाहीत. काही येतात.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मुलीला शेवटचं बघितलं. साडेतीन वर्षांची झाली आहे, खुर्चीवर एकटी बसते. दाढांच्या खाचा कोरड्या, स्वच्छ. पुढून सगळं थांबलेलं. उजव्या मधल्या दाताच्या मागच्या बाजूचा पांढुरकेपणा मात्र अजून मंदच आहे. वाळवल्यावर तो फेब्रुवारीत दिसला होता तितकाच दिसतो, कमी नाही, जास्तही नाही. ब्रश तिथे पोचत नाही, असं मला वाटतं. आईला आरशात ती जागा दाखवली, ब्रश उभा धरून मागून कसा फिरवायचा ते तिच्याकडून दोनदा करून घेतलं, आणि तिळगुळाचे दिवस संपले की महिन्याभरात परत बोलावलं आहे.